लेकरू एकाच बाजूला बघतंय? आखडलेल्या मानेसाठी घरात काय करायचं, कसं करायचं

दीड-दोन महिन्यांचं लेकरू, बारशापासूनचे फोटो काढून बघितले तर सगळ्यांत तोंड डावीकडंच, उजवीकडून खुळखुळा वाजवला तर डोळे फिरतात पण मान काही फिरत नाही, आणि डोकं जरासं उजव्या खांद्यावर कललेलं. आईला कधीचीच शंका असते पण घरात बोललं की ठरलेलं उत्तर येतं, "अगं मान धरली की होईल सरळ, कशाला काळजी करायलीस." मी लातूर भागात लहान लेकरांची फिजिओथेरपी करते आणि हे वाक्य माझ्याकडं येणाऱ्या जवळपास प्रत्येक आईनं ऐकलेलं असतं, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगते की वाट बघू नका. पहिल्या महिन्याच्या आत उपाय सुरू झाले तर बहुतेक लेकरांची मान साधारण दीड महिन्यात पूर्ण फिरायला लागते, तेच सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ-दहा महिने लागू शकतात आणि तेव्हा लेकरू अंगानं ताकदवान झालेलं असतं, हात लावू देत नाही. मान धरायच्या आधीचा काळच सगळ्यात सोपा असतो.

आधी हे काय असतं ते थोडक्यात. कानामागच्या हाडापासून खाली गळपट्टीच्या आणि छातीच्या हाडापर्यंत एक लांब स्नायू असतो, दोन्ही बाजूंना एक एक, त्याचं नाव स्टर्नोक्लीडोमॅस्टॉइड, नाव विसरलात तरी चालेल. त्यातला एक आखूड किंवा कडक झाला की डोकं त्याच बाजूला कलतं आणि तोंड मात्र विरुद्ध बाजूला फिरतं. डॉक्टर याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. काही लेकरांत स्नायू कडक नसतोच, फक्त एका बाजूला बघायची सवय लागलेली असते, आणि काहींत त्या स्नायूत दोन-चार आठवड्यांचं असताना बोराएवढी गाठ हाताला लागते. ती गाठ बघून घरात रडारड होते पण ही स्नायूतलीच गाठ असते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत विरून जाते, फक्त ती गाठ तीच आहे हे डॉक्टरनं बघून सांगायला पाहिजे, आपण ठरवायचं नाही.

कशामुळं होतं? पोटात जागा कमी पडून मान एकाच बाजूला दबून राहिली, पहिलं बाळंतपण, जुळी, बाळ वजनदार, पायाळू, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली डिलिव्हरी, अशा लेकरांत जास्त दिसतं. आईनं ग्रहणात काही चिरलं, कूस बदलून झोपली नाही, जड उचललं, याचा काही एक संबंध नाही. हे मी मुद्दाम लिहायले कारण ओल्या बाळंतिणीला असं बोलणारे लोक आहेत आणि ती बिचारी ते मनाला लावून घेते.

या लेखात सगळीकडं मी एकच उदाहरण धरलंय, उजवा स्नायू आखडलेला, डोकं उजवीकडं कलतं, तोंड डावीकडं राहतं. म्हणजे अवघड बाजू उजवी. तुमच्या लेकराचं उलटं असेल तर उजव्याचं डावं करून वाचा, एका कागदावर मोठ्या अक्षरात "अवघड बाजू: उजवी" असं लिहून बाजेजवळ चिकटवा, घरात चार माणसं लेकरू हाताळतात आणि गोंधळ तिथंच होतो.

पहिलं काम: नीट बघा आणि फोटो काढा

लेकराचं पोट भरलेलं, जागं, खुशीत असताना सतरंजीवर उताणं ठेवा. तुम्ही त्याच्या डोक्याच्या मागं नाही, समोर बसा. तुमचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर, आणि हळूहळू एका बाजूला सरकत जा, बोलत बोलत. निरोगी लेकराची हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत आरामात जाते. एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्यातच थांबत असेल, किंवा मान फिरवायच्या ऐवजी सगळं अंगच फिरवत असेल, तर ते लिहून ठेवा.

मग वरून बघा, डोक्याच्या टाळूवरून खाली. आपल्या उदाहरणात तोंड सारखं डावीकडं असल्यामुळं डोक्याचा मागचा डावा भाग चपटा होतो, डावा कान जरा पुढं सरकल्यासारखा दिसतो. वरून एक फोटो, समोरून एक फोटो, तारखेसहित, दर पंधरा दिवसांनी. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

आणि एक जागा जी कोणी बघत नाही, मानेची घडी. आखडलेल्या बाजूची घडी कधी उघडतच नाही, तिथं दूध ओघळून जातं, तेल साचतं, घाम येतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर दोन दिवसांत ती घडी लाल होऊन आंबट वास यायला लागतो. दोन बोटांनी हलकेच त्वचा ताणून घडी उघडा, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती फडक्यानं टिपून घ्या, मग कोरड्या फडक्यानं टिपा, घासू नका. पावडर अजिबात नको, ती ओलीत गोळा होऊन आणखी चरचरते आणि श्वासातून आत जाते. लाली दोन-तीन दिवसांत कमी नाही झाली किंवा पाणी सुटायलं असेल तर डॉक्टरला दाखवा. आणि लेकरू मान वळवताना किंचाळत असेल तर आधी ही घडी बघा, खूप वेळा मान नाही, जखम दुखत असते.

दुसरं काम: डॉक्टरला दाखवायचं, मालिश करणाऱ्याला नाही

दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांना सांगा. दीड महिन्याच्या लसीला जाणारच आहात, तेव्हा लस टोचून लगेच परत फिरू नका, मान दाखवा. बालरोगतज्ज्ञाला तीन गोष्टी विचारायच्या: ही स्नायूचीच आखड आहे ना, गाठ असेल तर मानेची सोनोग्राफी लागेल का, आणि खुबा बघितला का. हे तिसरं फार महत्त्वाचं. मान आखडलेल्या लेकरांत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, पायाळू जन्मलेलं असेल तर अजूनच लक्ष द्यायला लागतं, आणि पहिल्या चार-सहा महिन्यांत तो सोनोग्राफीत कळतो, त्यानंतर एक्स-रे काढतात. मानेच्या नादात खुबा राहून जातो आणि लेकरू लंगडत चालायला लागल्यावर कळतं, तसं व्हायला नको.

खाजगीत परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथं तपासणी आणि थेरपी मोफत असते. आपल्याकडं संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथं सरकारी मेडिकल कॉलेजंही आहेत, बालरोग विभागात दाखवलं की तेच पुढं फिजिओकडं पाठवतात. जाताना लसीचं कार्ड, डिलिव्हरीचा कागद आणि ते फोटो घेऊन जा.

एक दिवसही थांबायचं नाही अशा गोष्टी: मान काल चांगली होती आणि आज अचानक वाकडी झाली, सोबत ताप, सारखी उलटी, टाळू फुगलेली, झटके, लेकरू सुस्त पडलंय, दूध ओढत नाही, पडल्यानंतर मान वाकडी झाली. सरळ दवाखाना गाठा, रात्र असली तरी. डोळे तिरळे वाटत असतील, किंवा दूध पिलं की मान मागं टाकून कमान करत असेल आणि दूध वर येत असेल, तर तेही डॉक्टरला सांगा कारण तिथं आजार स्नायूचा नसून डोळ्याचा किंवा पोटाचा असू शकतो आणि मानेचे व्यायाम करून उपयोग होत नाही.

आणि हात जोडून सांगते, हाडवैद्याकडं मान "बसवायला" नेऊ नका. मोठ्या माणसाची उसण भरलेली मान आणि महिन्याच्या लेकराची मान यात फार फरक आहे, एका झटक्यात जे होतं ते परत भरून येत नाही.

तिसरं काम: बाज फिरवा

माझ्या मते सगळा उपचार एका बाजूला आणि हे एक काम एका बाजूला. बाळंतिणीची खोली डोळ्यासमोर आणा. बाज भिंतीला लावलेली, खिडकीला चादर, उजेड फक्त दारातून, आई दाराकडच्या अंगाला. लेकरू उताणं असलं की त्याच्या एका बाजूला आई, उजेड, येणारी-जाणारी माणसं, आवाज, आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. ते भिंतीकडं कशाला बघेल? दिवसातले अठरा तास ते तसंच पडलेलं, आणि आपण मग दहा मिनिटं व्यायाम करून मान सरळ व्हायची वाट बघतो.

म्हणून लेकराचं डोकं आणि पाय यांची अदलाबदल करा. डावीकडं भिंत आली पाहिजे, उजवीकडं आई, दार, उजेड. पाळण्यातही तेच, पाळण्यावरची चिमणी-खेळणी उजव्या बाजूला बांधा, मधोमध नको. लंगोट बदलताना तुमच्यासमोर सरळ ठेवण्याऐवजी आडवं ठेवा, असं की तुमच्याकडं बघायला त्याला उजवीकडं वळायला लागेल. दिवसातून कमीत कमी दहा वेळा तरी लंगोट बदलणं होतं, तेवढ्या वेळा मान आपोआप वळते आणि वेगळा वेळ काढायला लागत नाही. बाज फिरवल्यावर पहिले दोन दिवस लेकरू कुरकुर करतं, भिंतीकडंच बघत बसतं, तुम्ही बोलत राहा, ते वळतं.

मोबाईल दाखवून मान फिरवू नका. वळतं लगेच हे खरंय, पण एवढ्या लहान डोळ्यांना तो नकोच, आणि आईच्या तोंडासाठी पण लेकरू तितकंच वळतं.

पाजताना

अशी लेकरं एका अंगाला मस्त पितात आणि दुसऱ्या अंगाला घेतलं की रडतात, सोडतात, चावल्यासारखं करतात. मग आई त्याच अंगाला पाजत राहते, दुसरीकडं दूध साचतं, गाठी होतात, ताप भरतो आणि "दूध लागत नाही" म्हणून वरचं दूध सुरू होतं. हे टाळता येतं. ज्या अंगाला चांगलं पितं तिथून सुरू करा, आणि मग लेकराला उलटं फिरवायच्या ऐवजी त्याच अवस्थेत आडवं सरकवत दुसऱ्या अंगाला न्या, त्याचे पाय तुमच्या काखेतून मागं जातील, खाली उशी घ्या. लेकराला कळतही नाही की बाजू बदलली. वाटी-चमच्यानं पाजत असाल तर चमचा उजवीकडून आणा.

चौथं काम: पालथं घालणं

याला सगळे टमी टाइम म्हणतात आणि शहरातलं काहीतरी नवीन फॅड समजतात, पण आपल्याकडं न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाय लांब करून बसतात आणि लेकराला पायावर पालथं घालून पाठ चोळतात, ते काय असतं? तेच असतं. मावशींना फक्त एवढं सांगा की पालथं घातल्यावर तोंड उजवीकडं ठेवा, आणि पाठ चोळून झाली तरी जरा वेळ तसंच राहू द्या. मान उचलायची धडपड चालू असते ना, त्यातच दोन्ही बाजूंचे स्नायू तयार होतात आणि डोक्याच्या चपट्या भागावरचा भारही कमी होतो.

मावशी गेल्यावर दिवसभरात तुम्ही करायचं. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं, पाच-सहा वेळा, दूध पिऊन अर्धा तास झाल्यावर. जमिनीवर नाही जमलं तर तुम्ही रेलून बसा आणि छातीवर पालथं घ्या, लहान लेकराला तेच आवडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की रांगत नसलेल्या लेकराला जागेपणी दिवसात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. पालथं फक्त जागेपणी आणि कोणीतरी शेजारी असताना. डोळा लागला की लगेच उताणं.

मालिशीबद्दल पण स्पष्ट बोलते. हलक्या हातानं तेल लावणं चांगलं, लेकराला आवडतं, आईलाही बरं वाटतं. पण गाठ दाबून "विरघळवणं", डोकं दोन्ही हातांनी दाबून गोल करणं, मान धरून ओढणं, पाय धरून उलटं टांगणं, हे चार प्रकार बंद. मावशींना अपमान वाटू नये असं सांगा, "मावशी, डॉक्टरनं मानेला जोर लावायला नको म्हणलंय, बाकी सगळं तुमच्या हातानंच होऊ द्या." ऐकतात.

पाचवं काम: ताण द्यायचे व्यायाम

हे फिजिओकडून समोर बसून, आपल्या हातानं करून दाखवून शिकायचं, व्हिडिओ बघून नाही. तरी काय असतं ते कळावं म्हणून सांगते. एक व्यायाम वळवण्याचा, उताण्या लेकराचा डावा खांदा एका हातानं हलकाच दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं हनुवटी हळूहळू उजव्या खांद्याकडं न्यायची. दुसरा कलवण्याचा, उजवा खांदा स्थिर धरायचा आणि डावा कान डाव्या खांद्याकडं न्यायचा. जिथं हलकासा अडथळा लागतो तिथं थांबायचं, दहा ते तीस सेकंद, फिजिओ जेवढं सांगेल तेवढं, गाणं म्हणत, मग सोडायचं. दिवसातून थोडं थोडं बऱ्याच वेळा.

तुमच्या हाताला जे कळतं तेच खरं मोजमाप. लेकरानं जोर लावला की तुम्ही जोर लावायचा नाही, सोडून द्यायचं, शांत झाल्यावर परत. रडत रडत, घामाघूम करत केलेल्या व्यायामानं स्नायू आणखी आवळतो आणि लेकरू तुमचा हात मानेकडं येताना बघूनच रडायला लागतं. तोंड निळसर पडलं, श्वास बदलला, हात गळाला तर लगेच थांबा आणि डॉक्टरला कळवा. मला स्वतःला सगळ्यात चांगली वेळ वाटते ती आंघोळ झाल्यानंतरची, अंग गरम, लेकरू गुंगीत, अशा वेळी मान हातात लोण्यासारखी येते.

कडेवर घेण्याच्या पद्धती

लेकराची पाठ तुमच्या छातीला, तोंड बाहेर, आणि त्याला उजव्या कुशीवर आडवं करा. तुमचा उजवा हात त्याचा उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या मधून जाईल, डावा हात दोन्ही पायांच्या मधून पोटाला आधार. उजवी बाजू आपोआप ताणली जाते, आणि या अवस्थेत घरभर फिरवलं की लेकरू मजेत इकडंतिकडं बघत असतं, त्याला व्यायाम वाटतच नाही. आजोबा लोकांना हे चांगलं जमतं, अंगणात फेऱ्या मारता मारता होऊन जातं. फिजिओला एकदा दाखवून घ्या हात बरोबर बसलाय का.

खांद्यावर घेताना आरशासमोर उभं राहून बघा की कुठल्या खांद्यावर घेतलं तर त्याला उजवीकडं बघायला लागतंय, मग तोच खांदा ठेवा. तीन-चार महिन्यांनी मान धरायला लागलं की मांडीवर बसवून छातीला दोन्ही हातांनी धरा आणि अंग हळूच उजवीकडं कलवा, लेकरू डोकं सरळ ठेवायला डावीकडचे स्नायू वापरतं. आखडलेली बाजू सैल करणं अर्धंच काम, दुसरी बाजू बळकट झाली नाही तर डोकं परत कलतं.

उशी, झोळी

मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून जवळपास प्रत्येक घरात असते, आणि मान वाकडी दिसली की अजून एक उशी बाजूला येते. काढून टाका. वर्षाच्या आतल्या लेकराला झोपताना कुठलीच उशी नको, गुंडाळलेलं दुपटं नको, लोड नको, तोंड त्यात गेलं तर त्याला बाजूला होता येत नाही. डोकं गोल करणाऱ्या उशांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-अन्न तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२२ मध्ये इशारा दिलाय. झोप उताणीच, सपाट गादीवर. झोप लागल्यावर हलकेच डोकं उजवीकडं करून ठेवा, परत वळलं तर वळू द्या.

साडीची झोळी शेतावर, कामाच्या ठिकाणी लागते हे मला माहितंय, पण तिच्यात लेकरू दुमडून एका कुशीवर पडतं आणि मान त्याच बाजूला तासन् तास दबते. जागेपणी घटकाभर ठीक, पूर्ण झोप त्यात नको. कापडी कॅरिअर, कार सीट यांनाही हेच लागू.

चपटं डोकं गोल व्हावं म्हणून लेकराला घालतात त्या हेल्मेटबद्दल विचारतात लोक. बहुतेकांना लागत नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात मध्यम ते जास्त चपटेपणा असलेल्या लेकरांत हेल्मेट आणि बिनहेल्मेट यांत फारसा फरक दिसला नव्हता. आधी मान मोकळी करा, पालथं घाला, मग डॉक्टरशी बोला.

माहेराहून सासरी जाताना

गाडी इथंच रुळावरून घसरते. पहिलं बाळंतपण माहेरी, आईनं सगळं मनावर घेऊन केलेलं, बाज फिरवलेली, मावशी तयार झालेल्या, आणि अडीच-तीन महिन्यांनी सासरी गेलं की नवीन खोली, नवीन पाळणा, उजेड दुसऱ्या बाजूनं, आणि तिथल्या माणसांना वाटतं "आमचं लेकरू चांगलं आहे, उगं काहीतरी खूळ". जायच्या आधीच लेकराच्या बाबांना फोनवर नाही, समोर बसवून दोन्ही व्यायाम आणि कडेवर घ्यायची पद्धत शिकवा. ते पुण्याला कामाला असतील तर सुट्टीत आल्यावर शिकवा. सासूबाईंना पहिला आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून दाखवा, फरक बघितला की त्यांनाच जोर येतो आणि मग त्या इतरांना बाज हलवू देत नाहीत.

किती दिवस, आणि कधी थांबायचं

दोन्हीकडं मान सारखी वळायला लागली, बसवल्यावर डोकं मधोमध राहतंय, दोन्ही हात सारखे वापरतंय, दोन्ही बाजूंनी पालथं होतंय, हे फिजिओनं तपासून सांगितल्यावर थांबायचं, आपल्या मनानं नाही. व्यायाम करूनही काही महिने फरकच नसेल किंवा गाठ सहा महिन्यांनंतरही तशीच असेल तर मोठ्या डॉक्टरला परत दाखवायचं. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते आणि तीही साधारण वर्षानंतर.

बरं झालेल्या लेकराचं डोकं सर्दी-तापात, दात येताना किंवा फार दमल्यावर दोन-चार दिवस परत कललेलं दिसू शकतं. घाबरू नका, बाज आणि कडेवर घ्यायची पद्धत परत सुरू करा, आठवडाभरात गेलं नाही तर दाखवा. आणि चालायला लागल्यावर एकदा परत फिजिओकडं आणा, तेव्हा मान, पाठ आणि खुबा तिन्ही एकदम बघून होतात.